लहान प्रतिकृतीची परीक्षा, मोठ्या गलबताची सुरक्षितता



अफजलपूर तालुका समुद्रापासून दूर असला, तरी पाणी आणि वारा यांचे सामर्थ्य येथील जनतेस अपरिचित नाही. ऑक्टोबर २०२० मधील भीमेच्या महापुराने ते सर्वांनाच दाखवून दिले. खळ्यावर उफणणी करणारा शेतकरीही जाणतो की, एकाच वाऱ्यात दाणा पायाशी पडतो आणि भूस दूर उडून जाते. आकार व वजन बदलले की वाऱ्याचा परिणामही बदलतो. शिडाची नवी रचना लहान प्रतिकृतीवर पारखून घेण्याचे शास्त्र याच निरीक्षणाशी निगडित आहे.

या परीक्षेचे मोल माणसाच्या प्राणाइतके आहे. सप्टेंबर १८७० मध्ये ब्रिटिश नौदलाचे ‘कॅप्टन’ हे जहाज स्पेनच्या किनाऱ्याजवळ वादळात उलटले. त्याची रचना कूपर कोल्स या अधिकाऱ्याच्या कल्पनेतून सिद्ध झाली होती. काठ पाण्यालगत आणि त्यावर उंच डोलकाठ्यांचा व शिडांचा भार, असा तो घाट होता. सुमारे ४८० माणसे बुडाली. त्यांत स्वतः कोल्सही होते.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७२ साली, विल्यम फ्रूड यांनी इंग्लंडमधील टॉर्के येथे लांबलचक हौद बांधून त्यात जहाजांच्या प्रतिकृती ओढून पाहण्यास आरंभ केला. प्रतिकृतीचा वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घ्यावा, हा त्यांचा नियम होय. समजा, वीस मीटर लांबीच्या गलबताची सोळा पटींनी लहान, म्हणजे सव्वा मीटरची, प्रतिकृती केली. तिच्या शिडाचे क्षेत्रफळ २५६ पटींनी, तर वजन ४,०९६ पटींनी कमी भरेल. मोठ्या गलबतावरील ताशी चोवीस किलोमीटर वाऱ्याचा परिणाम पाहावयाचा असेल, तर प्रतिकृतीला ताशी सहा किलोमीटरचाच वारा द्यावा लागेल. पूर्ण वाऱ्यात ती सहज आडवी होईल आणि निर्दोष रचनाही सदोष ठरेल. पाण्याच्या घर्षणाला मात्र हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही; त्याचा हिशेब फ्रूड यांनी वेगळा मांडला.

आपल्या देशातील अलीकडचे उदाहरण ‘कौंडिण्य’ या गलबताचे आहे. अजिंठ्याच्या लेण्यातील पाचव्या शतकातील चित्रावरून ते साकारण्यात आले. मूळ आराखडा कोठेही उपलब्ध नव्हता. गोव्यात केरळच्या कारागिरांनी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून ते बांधले. त्याला चौकोनी शिडे असून, दिशा देण्यासाठी वल्ह्यासारखी सुकाणू आहेत. केवळ चित्रावर विसंबून माणसे समुद्रात पाठविणे योग्य नव्हते. म्हणून मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रतिकृतीवर चाचण्या घेण्यात आल्या आणि लाकडी डोलकाठ्यांची नौदलाने स्वतंत्र तपासणी केली. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते नौदलात दाखल झाले आणि २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून मस्कतकडे निघाले.

पुण्याजवळील खडकवासला येथील, १९१६ मध्ये स्थापन झालेल्या संशोधन केंद्रात धरणे व बंदरे यांच्या प्रतिकृतींवर असेच प्रयोग होत आले आहेत.

शाळांतील शिक्षकांनी हा प्रयोग अवश्य करावा. लाकडी होडी हौदात सोडून डोलकाठीच्या टोकास दोरा बांधावा, होडी हळूहळू आडवी ओढावी आणि किती कोनापर्यंत ती आपोआप सरळ होते, हे नोंदवावे. मग शीड उंच करून, तळाशी वजन वाढवून पुन्हा पाहावे. आलेले अपयशही वहीत प्रामाणिकपणे लिहावे. प्रयोगासाठी मुलांना भीमेच्या पात्रात मात्र नेऊ नये; वरच्या धरणातून पाणी सुटले की पातळी झपाट्याने वाढते.

हौदात उलटलेली होडी पुन्हा उभी करता येते. नदीत वा समुद्रात उलटलेल्या होडीतील माणसे परत आणता येत नाहीत. ‘आधी पारख, मग प्रवास’ हा धडा प्रत्येक नव्या रचनेस लागू आहे.