वेगळी बोट की सामाईक बोट?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा बोनस, महागाई भत्ता किंवा नवे कामगार कायदे असा एखादा विषय त्यांच्या मनात असावा. आम्ही कळविला तो विषय होता समलिंगी प्रवाशांच्या सागरी सहलींचा. चालकांनी तो काटछाट न करता पत्रिकेत छापला, त्याबद्दल त्यांचे आभार. युनियनच्या माणसाला आगबोटीतल्या चैनीशी काय कर्तव्य, असे कुणाला वाटत असेल तर त्यांनी थोडा धीर धरावा.

हा प्रश्न मुख्यतः अमेरिकेतला आणि काही अंशी इंग्लंडातला आहे. तिथे दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया कायद्याने लग्न करून संसार करतात. अशा एका जोडप्याची रजा जमली, पैसे जमले, आणि आठवडाभर कॅरिबियन समुद्रात हिंडून यावे असे ठरले. आता तिकीट कोणत्या बोटीचे काढायचे? एक बोट सगळ्यांची, म्हणजे चाळीतल्या नळासारखी सामाईक. तिच्यावर आजीआजोबा, नवविवाहित, पोरेबाळे सगळी असतात. दुसऱ्या प्रकारात एखादी सहल कंपनी आख्खी बोट आठवड्यापुरती भाड्याने घेते आणि तिच्यावर प्रवासी फक्त समलिंगी असतात. पहिलीचे तिकीट बहुधा स्वस्त, आणि तारखा हव्या तितक्या. दुसरीचे महाग, आणि फेऱ्या वर्षाकाठी मोजक्या. मग माणसे जास्त पैसे मोजून वेगळ्या बोटीवर का जातात?

याचे उत्तर जेवणाच्या टेबलावर सापडते. जुन्या रिवाजाच्या बोटींवर रात्रीच्या जेवणाचे टेबल ठरवून दिलेले असते. सहा-आठ अनोळखी माणसे आठवडाभर एकमेकांसमोर बसून जेवतात. पहिल्याच रात्री शेजारचे गृहस्थ आपुलकीने विचारतात, "मंडळी नाही आली का बरोबर?" मंडळी तर शेजारच्याच खुर्चीवर बसलेली असते! दोन बायका असल्या तर त्या बहिणी आहेत, असे लोक परस्पर धरून चालतात. कुणी शिवीगाळ करीत नाही, कुणी वाईटही वागत नाही. पण सांगावे की गिळावे, याचा निर्णय दर वेळी घ्यावा लागतो. डेकवर सूर्यास्त पाहताना हात हातात घ्यावा की खिशात ठेवावा? बँड वाजू लागला तर उठून नाचावे की टाळ्या वाजवीत बसावे? आम्ही कामाचे तास मोजण्यात जन्म घालविला आहे. ही दिवसभराची सावधगिरी आम्ही कामातच धरू. आणि तीही बिनपगारी, स्वतःच्या रजेत, स्वतःच्या खर्चाने केलेल्या कामात.

आरएसव्हीपी नावाच्या अमेरिकन कंपनीने १९८६ साली अशी सहल काढली तेव्हा सुमारे ७५० प्रवासी आले. ती वर्षे एड्सची होती. मित्रांच्या अंत्ययात्रांना जाऊन थकलेली माणसे होती ती. १९९० साली ऑलिव्हिया या संस्थेने फक्त स्त्रियांची बोट काढली. तिच्यावर सहाशे बायका होत्या. ही संस्था मुळात १९७३ साली स्त्रियांच्या गाण्यांच्या तबकड्या काढण्यासाठी निघाली होती. १९९१ साली अटलांटिस ही कंपनी निघाली, आणि पुढे तिच्या एकेका बोटीवर पाच-पाच हजार माणसे जाऊ लागली. धंदा म्हटला की माणूस गिऱ्हाईक होतो, हे आम्हांस सांगायला नको. या मोठ्या बोटींवर पहाटेपर्यंत नाच, पीळदार शरीरांची मिरवणूक आणि रोज नवा पोशाख असतो. साठीतला, पोट सुटलेला, पुस्तक घेऊन बसणारा समलिंगी माणूस तिथेही कोपऱ्यातच राहतो. अशा माणसाला सामाईक बोटीवरून अलास्कातल्या हिमनद्या पाहायला जाणे जास्त मानवते, आणि त्यात त्याने काही गमावले असे आम्हांस वाटत नाही.

इथवर हा आवडीनिवडीचा मामला झाला. परंतु बोट समुद्रातच राहात नाही, ती धक्क्याला लागते.

१९९८ सालच्या आरंभी सुमारे ९०० प्रवाशांची अशी एक बोट केमन बेटांवर जायची होती. बेटांच्या सरकारने परवानगी नाकारली. कारण दिले ते असे की ही मंडळी सभ्यपणे वागतील याचा भरवसा नाही. २००० साली तुर्कस्तानातल्या कुशादासी बंदरात अशाच एका बोटीचे प्रवासी प्राचीन अवशेष पाहायला उतरले, तर पोलिसांनी त्यांना परत बोटीवर पाठविले. २००४ साली समलिंगी आईबाप आपली मुले घेऊन एका खास बोटीने बहामातल्या नासाऊला गेले, तेव्हा धक्क्यावर निदर्शक उभे होते. बहामात तर समलिंगी संबंधांवरील बंदी १९९१ सालीच उठली होती! कायदा जाऊन तेरा वर्षे झाली, तरी फलक घेऊन माणसे आली, आणि ते फलक वाचले ते लहान मुलांनी. २०१२ साली डॉमिनिकात अशाच एका बोटीवरील दोन प्रवाशांना अटक झाली. ते आपल्या कॅबिनच्या सज्जात होते आणि धक्क्यावरून कुणी त्यांना पाहिले. दंड भरून त्यांना देश सोडावा लागला. सज्जात उघड्यावर नको ते करू नये, हे आम्हांसही मान्य आहे.

आता यातली मेख पाहा. सामाईक बोटीवरचा माणूस बोटीवर दबून असतो, पण जमैकाच्या धक्क्यावर तो गर्दीत मिसळून बिनधास्त उतरतो. तो कोण आहे हे तिथे कुणाला ठाऊक नसते. वेगळ्या बोटीवरचा माणूस डेकवर मोकळा असतो, पण धक्क्यावर उतरताना बोटीचे नावच त्याच्या कपाळावर लिहिलेले असते. भीती नाहीशी होत नाही. तिची जागा तेवढी बदलते. पहिल्या माणसाला ती जेवणाच्या टेबलावर भेटते, दुसऱ्याला जेट्टीवर. तिकीट काढताना किमतीबरोबर हेही ताडून पाहावे लागते.

या बेटांवरचे कायदे आले कुठून? जमैकाचा कायदा १८६४ चा, इंग्रजी अमदानीतला, आणि तो अजून तसाच आहे. आपले ३७७ कलम १८६० च्या दंडसंहितेतले. एकाच घरची ही भावंडे. इंग्रजांनी स्वतःच्या ताब्यातल्या केमन वगैरे बेटांवरची बंदी २००१ सालापासून लंडनहून हुकूम काढून उठविली. बेलीझमध्ये २०१६ साली आणि डॉमिनिकात २०२४ साली तिथल्या न्यायालयांनी ती रद्द केली. ज्या डॉमिनिकात दोन प्रवासी कोठडीत बसले, तिथे बारा वर्षांनी कायदाच उरला नाही. पण हे काम सहलीच्या कंपन्यांनी केलेले नाही. तिथेच राहणाऱ्या, दुसऱ्या दिवशी बोटीत बसून निघून न जाणाऱ्या माणसांनी कोर्टात जाऊन ते केले.

निशाणाची गंमत जाता जाता सांगतो. मालक अमेरिकेचा, प्रवासी अमेरिकेचे, आणि बोटीवर झेंडा मात्र माल्टाचा, बहामाचा किंवा बर्म्युडाचा. कर आणि मजुरी वाचविण्याची ही युक्ती. या सोयीच्या झेंड्यांविरुद्ध आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ १९४८ सालापासून लढतो आहे. पण झेंड्याबरोबर त्या देशाचा विवाहाचा कायदाही बोटीवर चढतो. माल्टाने २०१७ साली समलिंगी विवाह मान्य केला, आणि लगेच २०१८ च्या जानेवारीत माल्टाच्या झेंड्याखालच्या एका मोठ्या बोटीवर कप्तानाने असे लग्न लावले. बर्म्युडाने मात्र एकदा मिळालेला हक्क २०१८ साली काढून घेतला. तिथल्या न्यायालयांनी तो परत दिला. आणि २०२२ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सरकारची बाजू उचलून धरली. कर वाचवायला गेलेल्या मालकाच्या गळ्यात हे असे लग्नाचे भांडण पडते.

आता खालच्या मजल्यावर जाऊ. कंपनी आख्खी बोट भाड्याने घेते म्हणजे नोकरांसकट घेते. परवा आजीआजोबांना चहा देणारा स्टुअर्ड आज या प्रवाशांना देतो. कोकणात आणि गोव्यात "मुलगा बोटीवर आहे" हे वाक्य घरोघर ऐकू येते. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर पिढ्यान्‌पिढ्या गोव्याचे स्वयंपाकी आणि स्टुअर्ड राबले. आजच्या सहलीच्या बोटींवरही आपली मुले आहेतच. ३७७ कलमाचा फास सुप्रीम कोर्टाने सैल केला तो ६ सप्टेंबर २०१८ रोजी. म्हणजे २०१७ साली जो गोवेकर मुलगा अशा बोटीवर दोन पुरुषांचा जोडपलंग नीट करीत होता, तो स्वतः त्यांच्यासारखाच असता तर आपल्या देशाच्या कायद्याने गुन्हेगार होता. वरच्या मजल्यावरचे स्वातंत्र्य जिन्याच्या पायऱ्या उतरत नाही.

इंग्लंडात तर याहून विचित्र प्रकार झाला. १९६७ साली पार्लमेंटाने प्रौढ पुरुषांचे खाजगी समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, पण व्यापारी जहाजांवरच्या खलाशांना त्या सवलतीतून बाहेर ठेवले. पुढे १९९४ साली तो गुन्हा राहिला नाही, तरी त्या कारणावरून खलाशाला कामावरून काढण्याची वाट कायद्यात शिल्लक ठेवली. ती कलमे रद्द झाली २०१७ साली. आणि गंमत अशी की इंग्रजी प्रवासी बोटींवरचे कितीतरी स्टुअर्ड समलिंगी होते, हे साऱ्या बंदरांना ठाऊक होते. तिकीट काढणारा मोकळा, ताट वाढणारा टांगणीला.

याला एक सणसणीत अपवाद अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर होऊन गेला, आणि आम्ही हा विषय घेतला तो त्यासाठीच. तिथे जहाजांवरचे स्वयंपाकी आणि स्टुअर्ड यांची एक युनियन होती. १९०१ साली ती निघाली ती चिनी मजुरांना हाकलण्यासाठी, म्हणजे आरंभ लाजिरवाणाच. परंतु १९३४ च्या बंदर संपानंतर तिचा कायापालट झाला. काळे, गोरे, आशियाई आणि उघडपणे समलिंगी असलेले कामगार तिच्यात खांद्याला खांदा लावून उभे राहिले. हवाई बेटांकडे जाणाऱ्या आलिशान बोटींवर हीच मंडळी कामाला असत. त्यांचा हिशोब सरळ होता. मालकाला आज एकाला कम्युनिस्ट म्हणून काढू दिले तर उद्या तो दुसऱ्याला काळा म्हणून काढील, आणि परवा तिसऱ्याला बायल्या म्हणून. १९५० साली मध्यवर्ती संघटनेने या युनियनला बाहेर काढले, सरकारी चाळणीत तिचे पुष्कळ सभासद नोकरीला मुकले, आणि काही वर्षांत ती मोडली. ॲलन बेरुबे या इतिहासकाराने म्हाताऱ्या झालेल्या सभासदांना गाठून त्यांच्या आठवणी जमविल्या, म्हणून आपल्याला हे कळले. वेगळ्या बोटीची कुणाला कल्पनाही नव्हती, तेव्हा या लोकांनी सामाईक बोटच आपली केली होती, तीही नोकर म्हणून.

म्हणून कुणी आम्हांस विचारलेच तर आम्ही म्हणू, ज्याने जन्मभर लपून काढले त्याने पहिली सफर वेगळ्या बोटीने करावी. पहिल्या मोर्चात माणसाला कळते की आपण एवढे आहोत. तसेच ते आहे. त्यानंतर मात्र सामाईक बोटीचा हक्क सोडू नये. वेगळ्या बोटीचे भाडे न परवडणारे पुष्कळ असतात, आणि त्यांची बोट तीच.

सामाईक बोटींवर यासाठी एक जुनी सोय आहे. रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत पूर्वी एक ओळ असे: 'डोरोथीच्या मित्रांची बैठक'. डोरोथी म्हणजे १९३९ च्या 'विझार्ड ऑफ ऑझ' चित्रपटातली मुलगी. जाणत्यांना खूण पटे, बाकीच्यांना वाटे असेल कुणाचा वाढदिवस. आता बऱ्याच बोटींवर सरळ शब्दांत लिहितात. पण ही बैठक पुष्कळदा नुसती कागदावर असते. वेळ संध्याकाळची, जागा अमुक बार, आणि बोटीतर्फे कुणीच हजर नाही. मग पाचसहा माणसे निरनिराळ्या टेबलांवर एकेक पेला घेऊन बसतात, दाराकडे पाहतात, आणि एकमेकांना न ओळखताच उठून जातात. निमंत्रकावाचून बोलावलेल्या सभेचे काय होते, हे आमच्या धंद्यात पोराटोरांनाही ठाऊक असते. तेव्हा तिथे दहा मिनिटे आधी जावे, मधले मोठे टेबल धरावे, आणि दारातून जो कुणी बिचकत आत येईल त्याला हात करून म्हणावे, "या, बैठक इथेच आहे."