पडणाऱ्यांस हात
(महोत्सवाच्या सायंसभेंत केलेलें भाषण)



आनंदाच्या ह्या दिवशीं आम्ही पडण्याविषयीं बोलणार, हें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत तरुणपणीं जे भरती झाले, त्यांतील कित्येक आज ऐंशीच्या घरांत आहेत. मुलें परगांवीं वा परदेशीं, आणि कांहींचें शेवटचें बिऱ्हाड वृद्धाश्रमांत. तेथें रात्रीं खाटेपासून मोरीपर्यंतचीं दहा पावलें हाच मोठा घाट होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांत दरवर्षीं सुमारें ६,८४,००० माणसें पडून मृत्यु पावतात. त्यांत साठीपुढील सर्वांत अधिक.

मागें एका आश्रमांत, नांव आम्ही घेत नाहीं, आमच्या परिचयाच्या एक आजी पहांटे पडल्या व मांडीचें हाड मोडून अंथरुणास खिळल्या. ठपका आला पाळीवरील आयेवर; एकवीस वर्षांची पोर! नोकरी गेली, तेव्हां ती आमच्याकडे येऊन रडली. "फादर, मला कुणी कांहीं दाखवलंच नव्हतं." आम्हीं तिला धीर धरण्याचा उपदेश केला. तो अगदींच अपुरा होता, हें येथें कबूल करतों. तिचा भाऊ चाकणला मोटारींच्या कारखान्यांत आहे. यंत्रास हात लावण्यापूर्वीं त्याला कित्येक दिवस शिकविलें होतें. बहिणीच्या हातीं मात्र पहिल्याच रात्रीं म्हातारीं माणसें सोंपविलीं.

अशा शिक्षणासाठीं आतां व्हर्च्युअल रिॲलिटी नांवाचें साधन वापरूं लागले आहेत. डोळ्यांवर पेटीवजा चष्मा चढविला कीं चित्रांची खोली भोंवतीं उभी राहते. मान वळवावी तिकडचा भाग दिसतो. १९६८ सालीं अमेरिकेंत आयव्हन सदरलंड ह्यांनीं केलेलें असलें यंत्र छताला टांगलेलें असे. आजचें पिशवींत मावतें. आयेस त्यांत ओली फरशी, दुमडलेली चटई, चाकांच्या खुर्चीचा न लावलेला ब्रेक हुडकावयाचा असतो. चुकली तरी कोणाचें हाड मोडत नाहीं. मोतीबिंदूची धूसर दृष्टीही तींत दाखवितां येते. पांढऱ्या फरशीवरील पांढरी पायरी दिसेनाशी झाली, म्हणजे आजी तेथें कां थबकतात तें तिला सांगावें लागत नाहीं.

चष्म्यानें कित्येकांस भोंवळ येते, आणि माणसाचें वजन त्यांत कळत नाहीं. तें हातांनींच शिकावें लागतें. झोंपेच्या गोळ्या, उठतांच उतरणारा रक्तदाब, सैल चपला, तीस खाटांना एकच आया, ह्यांपुढें चष्मा काय करणार? पडूं नये म्हणून वृद्धांस खाटेला बांधून ठेवण्याची रीत मात्र आम्हांस अत्यंत निंद्य वाटते. न चालणाऱ्याचे पाय दुबळे होतात, व सोडल्यावर तो अधिकच पडतो.

महोत्सवनिधींतून कांहीं रक्कम उरेल असें खजिनदार म्हणतात. (त्यांचा हा आशावाद आम्हांस नवा आहे.) तींतून आधीं जवळच्या आश्रमांच्या मोऱ्यांत धरावयाच्या दांड्या व रात्रींचे दिवे बसवावे, आणि मग एक चष्मा घ्यावा. तो चालवावयास चाकणचे आमचे तरुण आहेतच. ती मुलगी आतां दुसऱ्या आश्रमांत लागली आहे. पहिल्या दिवशीं तिलाच बोलवावें.