चवीचं चीज

चीजमध्ये फळं, मसाले असं काही घालावं का, या प्रश्नावर खवय्यांमध्ये सरळ दोन तट पडतात. एक तट म्हणतो, उत्तम चीजला कशाचीच गरज नाही. दुसरा म्हणतो, जीभ आमची, आवड आमची. तुम्ही कोण सांगणारे? मला दोघांचंही थोडं पटतं. कसं, ते सांगते.

मुळात ही काही आजची टूम नाही. नेदरलँड्समध्ये लायडन शहराच्या आसपासचे शेतकरी पिढ्यान् पिढ्या चीजमध्ये जिरं घालत आले आहेत. हो, आपल्या फोडणीतलंच जिरं! दुधावरची साय लोण्यासाठी काढायची आणि उरलेल्या दुधाचं चीज करायचं, अशी तिथली रीत. साय कमी, म्हणून चीज घट्ट आणि जरा कोरडं. जिऱ्यानं त्याला खमंगपणा येतो. त्याच्या सालीवर लायडनच्या मानचिन्हातल्या दोन किल्ल्यांचा छाप असतो. उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतात जिऱ्याबरोबर लवंगाही घालतात. इंग्लंडमध्ये डर्बी चीजमध्ये सेज नावाचा सुवासिक पाला घालण्याची चाल सतराव्या शतकापासूनची आहे. यांना आज कुणी नावं ठेवत नाही. जुनं झालं की त्याची परंपरा होते!

नाकं मुरडली जातात ती फळांच्या चीजला. यॉर्कशरमधल्या हॉज या गावी वेन्सलीडेल नावाचं ठिसूळ, किंचित आंबूस चीज होतं. तिथला कारखाना 1992 साली बंद पडला. तिथल्याच व्यवस्थापकांनी तो विकत घेऊन त्याच वर्षी पुन्हा सुरू केला. आज तिथलं क्रॅनबेरी घातलेलं चीज दूरदूरच्या बाजारात जातं. अशा खपावरच आसपासच्या दूधवाल्या शेतकऱ्यांचं घर चालतं, हे हसणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

हे चीज करतात कसं? तयार चीज कुस्करायचं, त्यात सुकवलेलं फळ मिसळायचं आणि पुन्हा दाबून वडी बांधायची. ताज्या फळाला पाणी सुटतं. अननसाचं तर विचारूच नका. कच्च्या अननसातलं पाचक द्रव्य दुधातली प्रथिनं तोडतं आणि चव कडवट होते. चीज कुस्करायचंच असल्यामुळे एक धोकाही असतो. बेताच्या मालावर जर्दाळूचा गोडवा चढवला, तर खाणाऱ्याला कळणार कसं? पहिल्या तटाची ही शंका मला रास्त वाटते.

माझी स्वतःची आवड विचाराल, तर जिरं चीजच्या आत आणि फळ चीजच्या शेजारी. यॉर्कशरमध्ये फ्रूट केकबरोबर वेन्सलीडेलचा तुकडा खातात. स्पेनमध्ये मांचेगो चीजवर क्विन्स फळाची घट्ट वडी ठेवतात. ब्राझीलमध्ये पेरूची वडी आणि पांढरं चीज एकत्र खातात. त्या जोडीला ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ म्हणतात. पेरूची तशीच वडी गोव्यात नाताळला होते. इंग्रजीत तिला ‘गावा चीज’ म्हणत असले, तरी तिच्यात चीज औषधालाही नसतं!

आपल्याकडेही हा वाद आहेच. श्रीखंडात केशर, वेलची, जायफळ चालतं. आमरस घातला की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. पण चक्का ताजा, नीट निथळलेला असेल, तर आम्रखंडात आंब्यामागून त्याची आंबूस चव जाणवतेच. चक्काच आंबट असेल, तर कितीही आंबा घाला, तो फक्त पांघरूण घालतो.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. वरून घातलेला जिन्नस मूळ चव खुलवतो की झाकतो? दुकानात शक्य असेल तर आधी साध्या चीजचा तुकडा चाखा, मग फळाचा. दोन्हीत दूध ओळखू आलं, तर खुशाल घ्या, कुणी हसलं तरी. गोठ्यातल्या आणि कारखान्यातल्या हातांच्या कष्टांचं त्यातच खरं चीज आहे.