चिमणी, चकली आणि मुलांचे कपाट
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त सचिन येथे केलेले भाषण)



ग्रंथालयाच्या शताब्दीला कादंबरी, नाटक किंवा संतवाङ्मय अशा भारदस्त विषयावर बोलण्याचा प्रघात आहे. कार्यकारी मंडळाने विषयाची निवड माझ्यावर सोपविली आणि मी मुलांची सचित्र पुस्तके हा विषय घेतला. तो कोणास किरकोळ वाटेल. परंतु या सचिन गावात तो किरकोळ राहत नाही.

हे गाव सुरत आणि नवसारी यांच्या मध्ये वसलेले. १७९१ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील एका पुरुषाने पेशव्यांशी करार करून जंजिऱ्यावरील आपला हक्क सोडला आणि त्याच्या मोबदल्यात हा मुलूख घेतला. म्हणजे या गावाच्या संस्थानी इतिहासाच्या मुळाशीच एक मराठी कागद आहे. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० मध्ये हा भाग गुजरातेत आला आणि २०२० मध्ये सचिन सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत गेले. मधल्या काळात औद्योगिक वसाहत उभी राहिली. उधना-जळगाव रेल्वेने खानदेशातील माणसे सुरतेच्या मागांवर कामाला आली, तशी इकडेही आली. त्यांच्या घरातील मुलाचा दिवस पाहा. घरी अहिराणी, मराठी माध्यमाच्या शाळेत पुस्तकी मराठी, दुकानाच्या पाटीवर गुजराती आणि कारखान्याच्या फाटकाशी हिंदी. शाळेत शिकलेले अक्षर शिरोरेघेला धरून असते. रस्त्यावर तेच अक्षर शिरोरेघ टाकून, काहीशा वेगळ्या वळणाने समोर येते. सात वर्षांच्या मुलाने एवढे सारे सांभाळावे, अशी आपली अपेक्षा असते आणि ते सांभाळतेही.

अशा मुलापुढे पुस्तकातले चिमणीचे चित्र ठेवले की ते ‘चिमणी’ म्हणते. शेजारचा गुजराती सवंगडी ‘चकली’ म्हणतो. मग दोघे हसतात. कारण आपल्याकडे चकली दिवाळीच्या फराळाच्या डब्यात असते, झाडावर नव्हे. हा विनोद कळण्यासाठी दोन भाषा लागतात. पण तो सुरू होण्यासाठी चित्रच लागते. दोघांनाही वाद न घालता मान्य असलेली गोष्ट त्या पानावर एकच असते, ती म्हणजे चोच, पंख आणि दोन बारीक पाय.

चित्र म्हणजे अक्षर येईपर्यंतची कुबडी, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. चौथी-पाचवीतील मुलाच्या हातात चित्रांचे पुस्तक दिसले की ‘आता मोठा झालास, जाड पुस्तक वाच’ असे आपण म्हणतो. कोमेनियस या युरोपीय शिक्षणतज्ज्ञाने १६५८ मध्ये मुलांसाठी चित्रांतून जगाची ओळख करून देणारे पुस्तक छापले. तेव्हापासून चित्र हे शिकण्याचे साधन ठरले, हा लाभच; मात्र ते साधनच राहिले, ही अडचण झाली. आपल्या मातीतली परंपरा मला याहून शहाणी वाटते. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातील आख्याने गाऊन सांगत. तेथे चित्र मुलांसाठी आणि शब्द मोठ्यांसाठी अशी वाटणी नव्हती. चित्र आणि सांगणारा मिळून कथा होत असे.

मराठी मुलाला छापील रंगीत चित्र प्रथम दिसले ते बहुधा पुस्तकात नव्हे, भिंतीवर. पुण्याच्या चित्रशाळेने १८७८ पासून शिळाछापाची देवादिकांची चित्रे घरोघर पोचविली. पुस्तकात रंग आणणे महाग होते. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा आणि प्रत्येक ठशाचा खर्च वेगळा. वा. गो. आपटे यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’ मासिक काढले, त्या काळच्या मुलांना काळ्या शाईच्या चित्रांवरच समाधान मानावे लागे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९१६ मध्ये स्वतः रंगविलेले ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध केले, परंतु तसा खर्च संस्थानिकालाच झेपावा.

रंग सामान्य घरात आला तो मासिकांमुळे. मद्रासहून निघणारा ‘चांदोबा’ आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळ भाषांत सुरू झालेल्या ‘चंदामामा’चा तो मराठी अवतार. त्याची गुजराती आवृत्तीही निघे. शंकर या चित्रकाराचा खांद्यावर वेताळ घेतलेला विक्रम सर्व भाषांत तोच असे, केवळ खालची लिपी बदले. ते मासिक पुढे बंद पडले. १९७१ च्या दिवाळीत पाठ्यपुस्तक मंडळाने ‘किशोर’ सुरू केला. तो आजही निघतो आणि त्याचे जुने अंक महाजालावर विनामूल्य पाहता येतात. नेहरू बाल पुस्तकालयाची स्वस्त पुस्तके आली. मॉस्कोहून मराठीत छापून येणारी गुळगुळीत, जाड कागदाची पुस्तकेही काही काळ आली आणि सोव्हिएत संघाबरोबर तीही गेली. त्यांतले बर्फ आपल्या मुलांनी कधी पाहिले नव्हते. तरी ती पुस्तके त्यांनी झिजेपर्यंत वाचली.

या सर्वांत मी अधिक थांबेन तो माधुरी पुरंदरे यांच्यापाशी. ‘राधाचं घर’ किंवा ‘यश’ या मालिका ज्यांनी मुलांना वाचून दाखविल्या असतील त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. लेखन आणि चित्र एकाच हातचे असल्याने मजकुराने सांगितलेले चित्र पुन्हा सांगत बसत नाही. घरातली माणसे साधी असतात, घर नीटनेटके असतेच असे नाही, आणि मूल त्या पानात आपले घर शोधू लागते. ‘वाचू आनंदे’ या त्यांच्या संपादनात उत्तम मराठी उताऱ्यांच्या जोडीने भारतीय चित्रकारांची चित्रे आहेत, आणि ती मुलांना कळणार नाहीत अशी भीती बाळगलेली नाही. बाजारात ढिगाने मिळणाऱ्या चकचकीत पुस्तकांशी यांची तुलना करून पाहा. त्या पुस्तकांत सगळी मुले गोबऱ्या गालांची, सगळ्या आया एकाच साडीतल्या, आणि शेतकरी ओळखायचा तो डोक्यावरच्या पागोट्यावरून. रंग अधिक म्हणजे चित्र अधिक, असे नव्हे.

आता आपल्या ग्रंथालयाकडे येतो. एक ग्रंथालय माझ्या पाहण्यात आहे. नाव सांगण्याचे कारण नाही. तेथे बालविभाग आहे, पुस्तकेही चांगली आहेत, पण कपाटाला कुलूप. कारण विचारले तर उत्तर मिळाले, ‘मुले फाडतात.’ उत्तर खरे आहे. मुले फाडतात, ओली करतात, वाघाला पेन्सिलीने मिशा काढतात. परंतु रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतला पहिलाच नियम पुस्तके वापरासाठी आहेत असे सांगतो, आणि त्यात वाचकाच्या वयाची अट नाही. वर्षअखेरीस बाद केलेल्या पुस्तकांची यादी आपण तोट्याच्या बाजूला मांडतो. बालविभागापुरती ती देवघेवीच्या बाजूला मांडावी, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. दहा वर्षे कोरे करकरीत राहिलेले चित्रांचे पुस्तक हा तोटा आहे, आणि तो नोंदवहीत कोठेच दिसत नाही.

हे मी नवे सांगत नाही. आपल्या शेजारची नवसारी बडोदे संस्थानात होती. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची जी व्यवस्था लावली, तीत फिरत्या पेट्यांतून पुस्तके गावोगाव जात, आणि मुलांचा स्वतंत्र विचारही तीत होता. भावनगरला गिजुभाई बधेका आणि आपल्या ताराबाई मोडक यांनी एकत्र काम केले. गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’मधील शिक्षक प्रत्येक मुलाने तेच पाठ्यपुस्तक घेण्याऐवजी त्या पैशांतून वर्गासाठी गोष्टींची वेगवेगळी पुस्तके घेतो. एक गुजराती, एक मराठी, आणि दोघांचे मुलांविषयीचे मत एक. सुरतेच्या परिसरातील मराठी ग्रंथालयाला याहून जवळचा वारसा कोणता?

म्हणून माझ्या काही मागण्या आहेत. पहिली अर्थातच कुलूप काढण्याची. दुसरी, चित्रांची काही पुस्तके मराठी आणि गुजराती अशा जोडीने घ्यावीत. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनासारखे प्रकाशक तेच पुस्तक, तीच चित्रे ठेवून, या दोन्ही भाषांत काढतात. जोडीची पुस्तके एकाच फळीवर ठेवली तर आपल्या मुलाबरोबर त्याचा गुजराती सवंगडीही आत येईल. मराठी ग्रंथालयात गुजराती पुस्तक कशाला, अशी शंका कोणी घेईल. अशांनी दादोबा पांडुरंगांचे स्मरण करावे. मराठी व्याकरणाची घडी बसविणारा हा पुरुष सुरतेत शिक्षक होता आणि १८४४ मध्ये त्याने दुर्गाराम मेहताजींबरोबर येथे मानवधर्मसभा स्थापिली. दोन भाषांत राहिल्याने त्याची मराठी उणी झाली नाही.

तिसरी मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शब्दच नसलेली, नुसत्या चित्रांची पुस्तके अवश्य घ्यावीत आणि ती मुलांबरोबर त्यांच्या आयांनाही घरी द्यावीत. येथे कामाला येणाऱ्या बायकांपैकी कित्येकींना अक्षरओळख नाही, किंवा असली तरी ती वापरण्याचा प्रसंग येत नाही. मुलाने पुस्तक पुढे केले की ‘मला वाचता येत नाही’ असे मुलाच्या देखत म्हणावे लागते. शब्दाविना पुस्तकात ती वेळ येत नाही. पाळीवरून आलेली आई तेच पान अहिराणीत सांगू शकते, आजी वेगळे सांगू शकते, आणि दोघींचेही सांगणे बरोबर असते. मुलाच्या लेखी आई पुस्तक वाचते आहे. ग्रंथालयाच्या वर्गणीदारांच्या यादीत या बायकांची नावे आज नाहीत. शक्य असल्यास त्यांच्याकडून अनामत रक्कम घेऊ नये.

राहिला बांधणीचा प्रश्न. नवी पुस्तके कपाटात लावण्यापूर्वीच पुठ्ठ्याला कापडी पट्टी चिकटवून, पाने शिवून घेतली तर ती बरीच अधिक टिकतात. हे काम सुट्टीत मोठी मुले आनंदाने करतात, खळ मात्र ग्रंथालयाने पुरवावी. कार्यकारी मंडळाने पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात याचा विचार करावा, अशी विनंती करतो.