दांपत्याचा दूरचा प्रवास

विवाहविधींत सप्तपदीला जें महत्त्व दिलेलें आहे, त्यांत मोठा अर्थ भरलेला आहे. वधूवरांच्या सहजीवनाचा प्रारंभ एकत्र बसण्यानें होत नाहीं, एकत्र चालण्यानें होतो. परंतु तीं सात पावलें संपलीं, कीं पुढें संसाराच्या रहाटगाडग्यांत दोघांनीं मिळून वाट चालण्याचे प्रसंग फारसे येत नाहींत. एकाची वाट कचेरीची, दुसरीची शाळेची वा इस्पितळाची. सायंकाळीं दोघें घरीं येतात, तेव्हां बोलणें होतें तें किराणा, वीजबिल आणि मुलांची फी यांविषयीं. मुलें मोठीं होऊन आपापल्या मार्गाला लागलीं, म्हणजे अशा अनेक जोडप्यांच्या मनांत एक जुनी इच्छा डोकें वर काढते : दोघांनींच मोटार घेऊन एकदां देश पाहून यावा. इच्छा उत्तम आहे. मात्र तिच्या पूर्वतयारीचा जितका विचार व्हावयास हवा तितका होत नाहीं. आणि झाला, तरी तो बहुधा दोघांपैकीं एकटाच करतो.

असा प्रवास आज पूर्वींइतका दुर्घट राहिलेला नाहीं. दिल्ली, मुंबई, चेन्नई व कोलकाता यांना जोडणारा सुवर्ण चतुष्कोन ५,८४६ किलोमीटरांचा आहे. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग तर देशांतील सर्वांत लांब महामार्ग असून त्याची लांबी सुमारें पावणेचार हजार किलोमीटर भरते. मदुरा, सेलम, बंगळूर, हैदराबाद, नागपूर, झांशी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, पानिपत, लुधियाना, जम्मू हीं स्थळें त्या एकाच सूत्रांत ओंवलेलीं आहेत. जम्मूच्या पुढें चनैनी-नाशरी हा सुमारें नऊ किलोमीटरांचा बोगदा २०१७ सालीं आणि बनिहाल-काझीगुंड हा साडेआठ किलोमीटरांचा बोगदा २०२१ सालीं खुला झाल्यापासून काश्मीरच्या खोऱ्यांत शिरण्याचा मार्गहि पुष्कळ सुकर झाला आहे.

पुण्याचें एखादें दांपत्य या मार्गानें जावयास निघालें, असें समजूं या. आरंभीं साध्या त्रैराशिकानें काम भागतें. पुण्याहून बंगळूरमार्गें कन्याकुमारी सुमारें पंधराशें किलोमीटर. तेथून श्रीनगर पावणेचार हजार. आणि परतीची वाट जयपूर-उदेपूरवरून धरली, तर सुमारें सव्वादोन हजार. एकूण साडेसात हजार किलोमीटर झाले. गाडी एका लिटरांत पंधरा किलोमीटर जात असेल, तर पांचशें लिटर पेट्रोल लागेल. लिटरमागें शंभर रुपये धरले, तर पन्नास हजार रुपये केवळ इंधनाचे. रोज सहाशें किलोमीटर कापले, तर तेरा दिवसांत प्रवास आटोपतो. येथपर्यंत गणित बिनचूक आहे. परंतु गणितांतील गाडी थकत नाहीं, तिला भूक लागत नाहीं, आणि तींत बसलेल्या माणसांना गुडघे नसतात.

अशीच एक वही एका सेवानिवृत्त गृहस्थानें मोठ्या हौसेनें तयार केली होती. प्रत्येक मुक्कामाचें अंतर, निघण्याची वेळ, पोहोंचण्याची वेळ, टोलनाक्यांची संख्या, सर्व तांबड्या शाईनें आंखलेलें. पत्नीनें ती वही आरंभापासून शेवटपर्यंत लक्षपूर्वक वाचली आणि शांतपणें विचारलें, "अहो, पोहोंचायचें केव्हां, तें पानोपानीं लिहिलं आहे; पण थांबायचं केव्हां, तें कोठें आहे?"

"अगं, लागेल तिथं थांबूं कीं!"

"तुम्हांला लागेल तिथं, कीं मला लागेल तिथं?"

या प्रश्नाला त्या वहींत उत्तर नव्हतें. पुरुषमाणूस रस्त्याच्या कडेला कोठेंहि गाडी उभी करतो. स्त्रीला तसें करतां येत नाहीं. म्हणून कित्येक स्त्रिया लांबच्या प्रवासांत सकाळपासून पाणीच पीत नाहींत. त्यापायीं डोकें दुखतें, मूत्रमार्गाचे विकार होतात. आणि सोबतीची चिडचीड कां होते, याचा नवऱ्याला उलगडा होत नाहीं. दोन-अडीच तासांच्या अंतरावर स्वच्छ स्वच्छतागृह असलेला पेट्रोलपंप किंवा उपाहारगृह आधीं हेरून ठेवणें, ही नियोजनांतील क्षुल्लक बाब नव्हे. ती पहिली बाब आहे. असें थांबणें दोघांच्याहि हिताचें असतें. तासन् तास पाय न हालवितां बसल्यानें पायांच्या शिरांत रक्त सांकळण्याचा धोका असतो, आणि साठी ओलांडलेल्यांनीं तर दर दोन तासांनीं चार पावलें चाललेंच पाहिजे.

त्या गृहस्थानें सुज्ञपणा केला. त्यानें वही पत्नीच्या हातीं दिली आणि पेन्सिलहि दिली. दिवसाला सहाशेंच्या जागीं साडेतीनशें किलोमीटर झाले. साडेसात हजारांस प्रवासाचे बावीस दिवस लागले. दर तीन दिवसांनंतर एक दिवस विश्रांतीचा धरतां आणखी सात वाढले. तेरा दिवसांचा प्रवास एकोणतीस दिवसांचा झाला. राहण्याचा खर्च अर्थातच वाढला. परंतु त्या सात दिवसांतच खरा देश पाहावयास मिळणार होता. वाट किंचित् वांकडी करून तंजावर गांठतां येतें. तेथें भोसल्यांचें राज्य १८५५ सालापर्यंत नांदलें. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख आणि सरस्वती महाल ग्रंथालय घाईनें पाहण्याच्या गोष्टी नव्हेत. तसेंच पानिपत. १४ जानेवारी १७६१ रोजीं जें घडलें, त्याचें स्मारक असलेल्या काला आंब येथें मराठी माणसानें घड्याळाकडे पाहत उभें राहूं नये.

दिशा आणि ऋतु यांचा मेळ घालणें हा नियोजनाचा दुसरा भाग. तामिळनाडूंत मुख्य पाऊस पडतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत दिल्ली, हरियाना व पंजाब येथें असें दाट धुकें पसरतें कीं, पुढचें वाहन दिसत नाहीं. मे महिन्यांत नागपूरचें ऊन सोसवत नाहीं, आणि पावसाळ्यांत रामबनच्या आसपास दरडी कोसळतात. हीं सर्व संकटें टाळणारा महिना पंचांगांत नाहीं. पण त्यांतल्या त्यांत फेब्रुवारीच्या अखेरीस दक्षिणेकडे निघावें, मार्चच्या मध्याला नागपूर ओलांडावें आणि मार्चअखेर श्रीनगर गांठावें. त्या सुमारास तेथील ट्यूलिपचा बगीचा फुलूं लागतो. तेव्हांहि पावसानें घाटरस्ता बंद पडूं शकतो, म्हणून जम्मूला दोन दिवस हातचे राखावे. परतीच्या वाटेवर राजस्थानांत ऊन्ह लागेल, तें पहांटे निघून चुकवितां येतें.

तिसरा प्रश्न नाजूक आहे : गाडी चालविणार कोण? पुष्कळ घरीं दोघांजवळहि परवाना असतो. परंतु पत्नीच्या हातीं चाक गेलें, कीं शेजारीं बसलेले यजमान स्वतःच पाय आंखडून ब्रेक दाबूं लागतात. त्यांनीं एक इतिहास ध्यानीं ठेवावा. मोटारीचा पहिला प्रसिद्ध दूरचा प्रवास ऑगस्ट १८८८ मध्यें बेर्था बेंझ या स्त्रीनें केला. पति कार्ल बेंझ यांना न सांगतां, दोन मुलांना बरोबर घेऊन, त्या मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या. वाटेंत इंधन संपलें, तेव्हां तें त्यांनीं एका औषधविक्रेत्याच्या दुकानांतून मिळविलें. ज्यानें मोटार घडविली, त्याच्या पत्नीनेंच ती रस्त्यावर उपयोगी असल्याचें जगाला दाखवून दिलें!

दोघांनीं आळीपाळीनें चालविण्यांत केवळ न्याय नाहीं, सुरक्षितताहि आहे. ताशीं ऐंशी किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत बावीस मीटर पुढें जाते. तीन सेकंदांची डुलकी लागली, तर ती सहासष्ट मीटर आंधळी धांवते. म्हणून सूर्यास्तानंतर चालवूं नये, आणि दोघांत एक करार असावा : कोणींहि "थांबूं या" म्हटलें, कीं कारण न विचारतां सोयीची जागा पाहून गाडी थांबवावयाची. हा करार पुण्यांतच करून दोन दिवस कोल्हापूरला जाऊन-येऊन पारखून घ्यावा. मोठ्या प्रवासांतील भांडणें छोट्या प्रवासांत आधींच कळतात.

बाकीची सामग्री घरगुती शहाणपणाची आहे. परवाना, नोंदणीपत्र, विमा आणि प्रदूषण-प्रमाणपत्र हीं मोबाईलमध्यें असलीं, तरी त्यांच्या कागदी प्रती जवळ असाव्या. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यावर फास्टॅग आवश्यक झाला आहे. त्यांत पैसे आहेत ना, हें निघण्यापूर्वीं पाहावें. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३, आणि कोणत्याहि संकटांत ११२, हे क्रमांक दोघांनाहि तोंडपाठ हवेत. स्टेपनींत हवा आहे काय, जॅक व पाना जागेवर आहेत काय, हें स्वतः बघावें. नित्याचीं औषधें आठ दिवसांचीं अधिक घ्यावीं, आणि तीं दोन पिशव्यांत विभागावीं. इन्सुलिन बंद गाडीच्या उष्णतेंत ठेवूं नये. मुख्य म्हणजे, एकाचें औषध कोणतें, केव्हां आणि किती, हें दुसऱ्याला ठाऊक असावें. तीस-पस्तीस वर्षें एका छपराखालीं राहूनहि हें ठाऊक नसलेलीं दांपत्यें थोडीं नाहींत.

आणि येथेंच या सर्व खटाटोपाचें मर्म आहे. नकाशा पुढें ठेवून दोघें बसतात, तेव्हां कोणाला किती चालवत नाहीं, कोणाला रात्रीं कमी दिसूं लागलें आहे, किती पैसा सुखानें खर्चतां येईल, घरीं वृद्ध आई असेल तर तिच्याजवळ कोणी राहावें, हे वर्षानुवर्षें लांबणीवर पडलेले प्रश्न आपोआप बाहेर येतात. कदाचित् त्यांचीं उत्तरें अशीं निघतील कीं, साडेसात हजारांच्या जागीं दोन हजारांचाच बेत योग्य ठरेल. त्यांत खेद मानण्याचें कारण नाहीं. दोन हजार किलोमीटरांचा बेत दोघांनीं मिळून ठरविलेला असला, तर तो दोघांचा प्रवास होतो. साडेसात हजारांचा बेत एकानेंच ठरविला, तर तो त्या एकाचाच प्रवास. दुसरें माणूस त्यांत सामानासारखें बरोबर नेलें जातें.