घरचा सोडा, गटाची टाकी



चैत्रात आमच्या गावची यात्रा असते. तेव्हा आमचा बचत गट कोकम सरबत, पन्हं आणि लिंबू सोड्याचा गाडा लावतो. सरबत घरचं, पन्हं घरचं, पण सोडा मात्र तालुक्याहून क्रेटने आणायचा. टेम्पोचं भाडं जायचं, वाटेत बाटल्या फुटायच्या आणि भर दुपारी गर्दी वाढली की नेमका सोडाच संपायचा. रात्री हिशेबाला बसलो की सगळ्यात मोठा आकडा सोड्याचाच निघायचा.

म्हणून एका वर्षी घरीच करायचं ठरवलं. खाण्याचा सोडा आणि लिंबूसत्व पाण्यात पडलं की फसफस येते, हे आपल्याला ठाऊकच आहे. आम्ही दोन्ही काचेच्या बाटलीत घातलं, पाणी ओतलं आणि बूच घट्ट ठोकलं. बाटली फुटली. आमच्यातल्या एकीच्या पायात काच गेली, तीन टाके पडले. दुसऱ्या बाटलीतलं पाणी चाखलं, तर खारट! वायू निघून गेला तरी क्षार पाण्यातच राहतो. रक्तदाब असलेल्यांनी तर असलं पाणी रोज पिऊच नये.

सोड्यात असतं तरी काय? पाणी आणि त्यात मुरलेला कार्बन डायऑक्साइड वायू. आपल्या यात्रेतला गोटी सोडाही तोच. ती बाटली हिराम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२ साली काढली. आतल्या वायूचाच दाब गोटीला वर रेटून धरतो, बुचाचं कामच नाही. पण ती काच चांगली जाड असते. घरातल्या साध्या बाटलीला ते झेपत नाही, हे आम्ही टाके पडल्यावर शिकलो.

मग तालुक्याला सोडा कारखान्यांना गॅस पुरवणारा व्यापारी गाठला. पाच किलो गॅसची टाकी, रेग्युलेटर, नळी आणि बाटलीला बसणारं व्हॉल्व्हचं झाकण, असा संच घेतला. एका घराला हे परवडणारं नाही, आम्ही अकरा जणींनी मिळून घेतलं. झाकणावर पैसे वाचवायला आधी पंक्चरवाल्याकडचा ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह लावून पाहिला होता. पाण्याला रबराचा वास लागला, मुलांनी तोंडं वाकडी केली. शेवटी स्टीलचं तयार झाकण आणलं. गॅस मात्र खाद्यपदार्थांसाठीचाच मागा. वेल्डिंगवाल्याकडचा स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका.

आता कृती. बाटली कोल्ड्रिंकची प्लास्टिकची घ्यायची. पिण्याच्या पाण्याची बाटली पातळ असते, ती चालत नाही. पाऊण बाटली पाणी भरा, आणि ते बर्फासारखं गार हवं. सगळी गोम इथंच आहे. बर्फाइतक्या थंड पाण्यात जितका वायू मुरतो, त्याच्या निम्माच वीस अंशांच्या पाण्यात मुरतो, आणि आपल्याकडचं उन्हाळ्यातलं पाणी त्याहूनही गरम. आम्ही सुरुवातीला माठातलं पाणी घेत होतो आणि सोडा मचूळ का होतो म्हणून टाकीवाल्याला बोल लावत होतो!

पाणी भरलं की बाटली दाबून वरची हवा काढून टाका आणि झाकण लावा. हवा राहिली तर तीच जागा अडवते. मग नळी जोडून तीस पौंडावर गॅस सोडा. मोटरसायकलच्या चाकात भरतात, साधारण तेवढाच दाब. बाटली टणक होते. नळी तशीच ठेवून मिनिटभर जोरात हलवा, पाणी गॅस ओढून घेतंय हे आवाजावरून कळतं. मग गॅस बंद करा, नळी काढा, बाटली पंधरा मिनिटं गार जागी ठेवा आणि झाकण हळूहळू उघडा. फक्त पाण्यातच गॅस भरायचा. आम्ही एकदा सरबतात भरला, तर फेस नळीपर्यंत चढला. लिंबू, मीठ, साखर नंतर पेल्यात.

गॅसनं पाणी शुद्ध होत नाही, बरं का. उकळलेलं किंवा फिल्टरचंच घ्या. बाटलीवर पांढऱ्या रेघा दिसल्या की ती फेकायची.

टाकीचं भय बाळगा. हा गॅस पेटत नाही, पण स्वयंपाकाच्या टाकीपेक्षा हिच्यात दाब कितीतरी पट जास्त असतो. स्वयंपाकाच्या टाकीचा रेग्युलेटर हिला चुकूनही लावू नका. टाकी उन्हात ठेवायची नाही, उभीच ठेवायची, भिंतीला साखळीनं बांधायची. गळलेला गॅस जमिनीलगत साचतो आणि श्वास कोंडतो, म्हणून दारं-खिडक्या उघड्या ठेवा आणि तिथं लहान मूल झोपवू नका.

आता हिशेब. लिटरभर पाण्यात सात-आठ ग्रॅम गॅस मुरतो. तेवढाच वाया जातो असं धरलं, तरी एका किलोत साठ लिटर सोडा होतो. तुमच्या तालुक्यातला गॅसचा भाव विचारा आणि दुकानातल्या बाटलीशी ताडून पाहा. यात्रेत विकायचं असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी आधी करून घ्या. सीलबंद बाटल्या विकण्याच्या भानगडीत आम्ही पडलो नाही, पेल्यातूनच देतो.

आणि हो, टाकीत किती गॅस उरला हे घड्याळाच्या काट्यावर कळत नाही. आत द्रव असेपर्यंत काटा जवळपास तिथंच राहतो, मग एकदम खाली येतो. तो आमचा यात्रेच्या दिवशीच आला होता! तेव्हापासून दर सोमवारी रेशन दुकानाच्या वजनकाट्यावर टाकी चढते, आणि आकडा गटाच्या वहीत लिहिला जातो.