यकृत आणि कावीळ
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



उजव्या बरगड्यांखाली वसलेले, सुमारे दीड किलो वजनाचे यकृत हे आपल्या देहाचे कोठारही आहे आणि कारखानाही. साखर साठविणे, पित्त निर्माण करणे, रक्त गोठविणारी द्रव्ये बनविणे, ही सारी कामे त्याची. जुन्या तांबड्या रक्तपेशी मोडल्यावर उरणारे पिवळे द्रव्य पित्तावाटे बाहेर टाकणेही त्याच्याकडेच. ते अडले की डोळे पिवळे दिसतात. तेव्हा कावीळ हा स्वतंत्र रोग नव्हे, ते लक्षण आहे.

कावीळ झाली की माळ घालण्याची रीत आपल्याकडे अजून आहे. दूषित पाण्यातून होणारी 'अ' किंवा 'ई' प्रकारची कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. श्रेय मात्र माळेला मिळते! धट्ट्याकट्ट्या तरुणाचे यात सहसा बिघडत नाही. गर्भवती सुनेच्या बाबतीत मात्र हा विलंब प्राणावर बेततो. १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून दिल्लीत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली, तीत गर्भवतींमध्ये मृत्यूचे प्रमाण विशेष होते. ती 'ई' प्रकारची होती, हे जपून ठेवलेल्या रक्तजलाच्या परीक्षणावरून कित्येक वर्षांनी ठरले. गर्भवतीचे डोळे पिवळे दिसताच तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

'ब' आणि 'क' हे प्रकार रक्तावाटे पसरतात. वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही, आणि एके दिवशी जलोदर होतो किंवा रक्ताची उलटी होते. तोवर यकृत कठीण व गाठाळ झालेले असते. मद्यही हेच करते. स्थूलपणा व मधुमेह यांमुळे यकृतात साचणारी चरबीही तेच करू शकते. म्हणून मद्याला न शिवणाऱ्यांनीही गाफील राहू नये. 'क' वर आता सुमारे तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण बरे होतात. 'ब' वर लस आहे. तिची पहिली मात्रा बाळाला जन्मापासून चोवीस तासांत द्यावयाची असते.

विवाह जुळविताना 'ब' ची बाधा लपविली जाते, हे आपण सारे जाणतो. वस्तुतः पंक्तीला बसल्याने ही बाधा जडत नाही. दुसऱ्या पक्षाने रक्त तपासून सहा महिन्यांत लसीच्या तीन मात्रा पुऱ्या कराव्यात, आणि मग मुहूर्त पाहावा.